सोवळ्याच्या खोलीतला नारळ

वसंता,

कामगार मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर दोन पानं लिहून द्यायला मला सांगितलंय. जन्म कधी, शिक्षण काय, कंपनीत कधी लागला, मागे कोण कोण, असं सगळं यायला हवं म्हणे. ते ऑफिसातल्या फायलीत आहे, ज्याला हवं त्याने जाऊन बघावं. मी तुझ्यावर लिहिणार नाही, तुझ्याशी बोलणार आहे. वीस वर्षं आपण बोलतच होतो, आणि नेमकं जे बोलायला हवं होतं ते राहून गेलं. सहा वर्षांपूर्वी चौकशीच्या दिवशी मी सगळ्यांदेखत खोटं बोललो. ते खोटं होतं हे मी तुला कधीच सांगितलं नाही. आज तेच लिहायला बसलोय, पण हात लगेच तिकडे वळत नाही. आधी थोडं इकडचं तिकडचं बोलू दे. मी मुद्द्यावर येईपर्यंत तू चहा संपवून शांत बसायचास, तसाच बस.

बासष्ट सालचं आयटीआय आठव. चीनची लढाई सुरू झाली होती, सगळी पोरं रेडिओपाशी, आणि आपण दोघं एकाच बाकावर लोखंडाचे ठोकळे घासतोय. महिनाभर तोच ठोकळा. मास्तर काटकोन बघायचा गुण्या लावून तो उजेडाकडे धरायचे आणि फटीतून उजेड दिसला की ठोकळा परत. माझा इतक्या वेळा परत आला की शेवटी मास्तरच कंटाळले. तुझा पहिल्याच खेपेला पास झाला, तर तू म्हणालास, "मास्तर, डाव्या कोपऱ्याला जरा उजेड येतोय. पुन्हा घासू का?" सगळा वर्ग हसला. मी मात्र मनात म्हटलं, हा माणूस पुढे सगळ्यांना जड जाणार आहे.

त्या हिवाळ्यात तुला पहिल्यांदा कुरुळीला घरी आणलं. भोसरी सोडली की रस्त्याला दोन्ही बाजूंनी नुसती शेतं. मोशीला इंद्रायणीच्या पुलावर सायकली टेकवून आपण पेरू खाल्ले आणि तू पाण्यात बिया थुंकण्याची पैज लावलीस. घरी आईने तुझं नाव विचारलं, आडनाव विचारलं, आणि मग पुढचं काही विचारलं नाही. चहा आला तो माझा पितळी पेल्यात आणि तुझा कान तुटलेल्या कपात. तो कप आमच्या घरात कोनाड्यात वेगळा असायचा आणि कशासाठी असायचा हे मला ठाऊक होतं. तू चहा प्यालास, स्वतःच कप विसळून पालथा घातलास आणि म्हणालास, "आई, चहा लई भारी झालता." आई म्हणाली, "व्हय रं बाबा, पुन्यांदा ये." परतीच्या वाटेवर मी मोशीपर्यंत तोंड उघडलं नाही. मग तूच म्हणालास, "अरे, चहा खरंच चांगला होता. गप्प का तू?"

पुढे आई तुला पेल्यातच चहा द्यायला लागली, चाकणच्या बाजाराला न्यायच्या कांद्यांतले निवडक कांदे काढून तुझ्या सायकलला पिशवी अडकवायला लागली. त्याला आठेक वर्षं गेली. त्यात माझा काही हात नव्हता. तू येत राहिलास, एवढंच.

आपलं वर्कशॉप तेव्हा साखर कारखान्यांच्या कढया आणि दुधाच्या टाक्या करायचं. मी फिटर, तू वेल्डर. तू रात्रशाळेत डिप्लोमा केलास आणि तपासणीच्या टेबलावर गेलास, मी फिटरांचा फोरमन झालो. म्हणजे मी माल करायचा आणि तू त्याला नावं ठेवायची, अशी आपली कायमची वाटणी झाली. आणि मग चौऱ्याहत्तर साली वाळवंटात तो अणुस्फोट झाला. त्यानंतर अणुवीज केंद्रांना लागणारा माल परदेशातून येईना. तो इथेच करा म्हणून सरकारी साहेब गावोगावची वर्कशॉपं हुडकत फिरू लागले. ते भोसरीत आपल्या दारातही आले. काम होतं हीट एक्स्चेंजरचं: आत शेकडो नळ्या असलेलं भलंमोठं पिंप, नळ्यांमधून तापलेलं पाणी जाणार आणि बाहेरून गार. नळ्यांची टोकं एका जाड पोलादी थाळीच्या भोकांत बसवायची आणि आतून फुगवून घट्ट करायची. दुधाच्या टाक्या करणाऱ्यांना ते काही फार अवघड वाटलं नाही. अवघड निघाल्या त्या अटी.

मालकांनी त्या एका कामासाठी वेगळी शेड बांधली. गाळून येणारी हवा, गुळगुळीत फरशी, क्षार काढलेलं पाणी, आत वेगळ्या कानशी, वेगळे ब्रश. साध्या लोखंडाला लागलेला ब्रश स्टेनलेसला लावायचा नाही, उघड्या हाताने नळीला शिवायचं नाही, कारण घामात मीठ असतं. शेडसाठी मालकांनी राहतं घर गहाण टाकलं हे सगळ्यांना माहीत होतं. मी चिडलो होतो. म्हणालो, "एवढ्यात दोन मोठ्या लेथ आल्या असत्या. पोरांना पगारवाढ मिळाली असती. काम अजून एक नाही आणि आधीच देव्हारा बांधलाय."

तू जे म्हणालास ते मला शब्दाशब्दाने आठवतंय. "दत्तू, दुधाची टाकी गळली तर आपण जाऊन तिला टाका मारतो. हे एकदा चालू झालं की त्याच्याजवळ माणूस जाऊ शकत नाही. नंतर दुरुस्ती नाही, म्हणून पैसा आधी घालायचा. सेफ्टी काय नंतर रंग देतात तशी वरून देता येत नाही." मी म्हणालो, हे चोचले अमेरिकेला परवडतात. तू म्हणालास, "चुकल्यावर आपल्याला परवडेल का, ते सांग." हा वाद आपण कितीदा घातला असेल? चहाच्या टपरीवर, सायकल चालवताना, तुझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या पंगतीत वाढताना सुद्धा. मी कधी हार मानली नाही. आज मानतो, पण आता तुला त्याचा काय उपयोग!

शेडचं कागदावरचं नाव क्लीन रूम. पोरांनी दुसऱ्याच दिवशी तिचं 'सोवळ्याची खोली' करून टाकलं. पायताण बाहेर, हात धुवायचे, धुतलेले कपडे, हातमोजे. आणि दारात तू. साक्षात मालकांनाही तू एकदा बूट काढायला दारातून मागे फिरवलंस. त्या दिवशी आपण दोघं मागच्या भिंतीला टेकून बसलो होतो आणि तुला हसू आवरेना. "आमच्या आजाला गावात देवळाच्या पायरीपासून वीस हातांवर उभं करायचे," तू म्हणालास, "आणि आता बघ, नातू सगळ्यांना सोवळं शिकवतोय." मी पण हसलो. हसताना मला तो कान तुटलेला कप आठवला आणि मी पटकन विषय बदलला.

आता त्या नारळाकडे यायला हवं.

खंडेनवमीला आपल्याकडे सगळ्या मशीनना हार घालतात, कुंकू लावतात, नारळ फोडतात. तू त्यात कधी नसायचास, आणि नसायचास हे सगळ्यांना ठाऊक होतं. दसऱ्याला तुझी नागपूरची वारी ठरलेली, दीक्षाभूमीला. परत आलास की पेढे मात्र मागून घ्यायचास. त्या वर्षीही तू नवमीच्या आदल्या दिवशी निघालास आणि खोलीची किल्ली माझ्याकडे देऊन गेलास. आत पहिलं काम जवळजवळ तयार उभं होतं. एका बाजूच्या सगळ्या नळ्या बसलेल्या, नुसतं वेल्डिंग राहिलेलं.

नवमीला बाहेरच्या मशीनची पूजा झाली. मग क्रेनवरचे तात्या म्हणाले, "अन् त्ये मोठं काम? सगळ्यांची प्वाटं ज्याच्यावर हायती, त्येच बिनपुजेचं ठिवायचं व्हय?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. किल्ली माझ्या खिशात होती. आता सांगताना हसू येतं, आम्ही काय केलं असेल? चपला काढल्या. हात साबणाने धुतले. धुतलेले कपडे घातले, हातमोजे चढवले. तुझे सगळे नियम पाळून आत गेलो आणि त्या स्वच्छ हातमोज्यांनी थाळीला कुंकू लावलं. नारळ दारात फोडला, कचरा नको म्हणून. आणि पाणी वाटीत धरून मी आपल्या हाताने थाळीच्या तोंडावर शिंपडलं, उरलं ते ओतलं. देवाला वाहिलेल्या पाण्याने काही बिघडेल हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. नंतर फडक्याने सगळं लख्ख पुसलं आणि कुलूप लावलं.

तू परत आलास तो खोलीत शिरल्यावर पाच मिनिटांत बाहेर आलास. हातात नारळाच्या शेंडीचा एक धागा होता, दोन नळ्यांच्या मधे अडकलेला. मला बाजूला घेऊन विचारलंस, "पाणी कुठे कुठे गेलं?" ओरडला असतास तर बरं झालं असतं. मी म्हणालो, पुसलंय, हवं तर पुन्हा धुऊ. तू थाळीजवळ नेऊन मला दाखवलंस. नळी आणि भोक यांच्यात केसाहून बारीक फट असते. पाणी तिथे शिरतं, सुकतं, मीठ मागे राहतं. वरून कितीही धुतलं तरी ते निघेलच याची खात्री नाही. पुढे वर्षानुवर्षं ते तापत राहणार आणि त्या मिठापायी स्टेनलेसला तडे जाणार. "कधी?" मी विचारलं. "कदाचित कधीच नाही," तू म्हणालास. "पण मी सही कशी करू?"

तू सही केली नाहीस. अहवालात नारळाचं पाणी असं स्पष्ट लिहिलंस आणि माझं नाव लिहिलं नाहीस.

सरकारी साहेब आले, मालकांनी सगळ्यांना शेडबाहेर उभं केलं. तोवर गेटपाशी बोलणं सुरूच झालं होतं. ह्याला आपली पूजा खुपते. सोता जातो नागपूरला आन आमच्या नारळाला नावं ठिवतो. त्यातलं थोडं मी ऐकत होतो आणि थोडं, खरं सांगतो, मान डोलावून ऐकत होतो. मालकांनी विचारलं, "आत काही लावू नका अशी सूचना फिटरांना होती का?" सगळे माझ्या मागे उभे होते. नुकताच घरावर पत्रा घातला होता, धाकटा भाऊ शिकत होता, आणि नोकरी गेली तर सगळंच अडणार होतं. मी म्हणालो, "न्हाई साहेब. आमाला कुनी काय सांगितलं न्हवतं."

तू माझ्याकडे बघितलंस. त्या बघण्यात राग नव्हता, हे मला तेव्हाही दिसलं. तू नुसता काहीतरी आठवत असल्यासारखा थांबलास आणि मग मालकांना म्हणालास, "लेखी दिलेलं नाही, साहेब. जबाबदारी माझी."

सगळ्या नळ्या काढून टाकाव्या लागल्या. नव्या आल्या, चार महिने गेले, ओव्हरटाइम बंद झाला, आणि त्याचं खापर तुझ्या डोक्यावर फुटलं. तपासणीचं प्रमुखपद तुझं ठरलेलं होतं, ते बाहेरून आणलेल्या माणसाला गेलं. माझी फोरमनकी शाबूत राहिली. मालकांचं घर कसंबसं सुटलं, काम वेळेनंतर का होईना, गेलं, आणि त्या साहेबांनी पुढची कामं आपल्यालाच दिली. त्यांचं म्हणणं असं, की जिथला माणूस नारळाचं पाणी लिहून कळवतो तिथला बाकीचा कागदही खरा असणार. आज भोसरीत आपल्या शंभरेक घरांत त्या अहवालावर चूल पेटते. हे मला कळायला दोन वर्षं लागली. कळल्यावरही तुला सांगितलं नाही ते नाहीच.

मैत्री तुटली का? नाही, आणि तेच मला सोयीचं पडलं. महिनाभर आपण बोललो नाही, मग एक दिवस तू माझ्या टेबलापाशी येऊन विचारलंस, "चहा?" झालं. त्यानंतर आपण पुन्हा वाद घालायला लागलो: धुऊन भागलं असतं की नसतं. मी म्हणायचो भागलं असतं. तू कागदावर फट काढून दाखवायचास. सहा वर्षं आपण त्या फटीवर भांडलो. मला वाटायचं, तुला सगळं माहीतच आहे. मी खोटं बोललो हे तुला माहीत, तुला माहीत आहे हे मला माहीत, आणि तू मोठ्या मनाने सोडून दिलंयस. मग उकरून कशाला काढायचं? दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात भेटलो तेव्हाही तू क्षीण आवाजात म्हणालास, "दत्तू, धुऊन नसतं रे भागलं." मी म्हणालो, "बरं बाबा, तू जिंकलास." तू हसलास. मी तेवढ्यावर उठून आलो. काय घाई होती मला?

कंपनीतल्या शोकसभेत मला बोलायला उभं केलं. मी तुझा प्रामाणिकपणा, साधेपणा, वक्तशीरपणा असं बरंच बोललो. लोकांनी डोळे पुसले. तात्या म्हातारे झालेत, काठी टेकत आले होते. म्हणाले, "लई ग्वाड बोललास." मला माझीच लाज वाटली.

मग तुझ्या जलदानविधीला पिंपरीला आलो. वंदना झाली, माणसं पांगली, आणि मी शालिनीवहिनींपाशी बसलो. म्हटलं, आता यांना तरी सांगू. सांगितलं. नारळ कोणी फोडला, चौकशीत काय बोललो, सगळं. मला वाटलं होतं त्या म्हणतील, त्यांना ठाऊक होतं भाऊ, त्यांनी कधीच माफ केलं तुम्हाला. तेवढ्यासाठीच गेलो असेन मी.

वहिनी माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे त्यांनी सांगितलं होतं?"

मी हो म्हणालो.

"भाऊ, त्यांना वाटायचं आपणच विसरलो," त्या म्हणाल्या. "नागपूरच्या गडबडीत सांगायचं राहिलं असेल म्हणायचे. दत्तू खोटं बोलणार नाही, म्हणजे मीच बोललो नसेन. दाराला कुलूप लावलं तरी चौकातून परत यायचे बघायला. मला सकाळी सांगितलेलं संध्याकाळी विचारायचे, मी तुला हे बोललो होतो ना? आधी नव्हते हो ते असे. दवाखान्यातसुद्धा म्हणाले, मी बोललो असतो तर एवढ्या नळ्या वाचल्या असत्या."

वसंता, मी मैत्रीत खोटं बोललो याचं मला वाईट वाटत होतं. पण मी तुझा तुझ्यावरचा भरवसा काढून घेतला, हे मला माहीतच नव्हतं. ठोकळ्याच्या कोपऱ्यातला उजेड सगळ्यांच्या आधी ज्याला दिसायचा, तो माणूस सहा वर्षं कुलपाकडे परत परत येत होता. कारण त्याने माझ्या शब्दाला आपल्या आठवणीपेक्षा जास्त मान दिला. मी त्याला मोठ्या मनाची माफी समजत होतो, आणि तू मला माफ करण्यासारखं काही आहे असंही मानलं नव्हतंस. मालकांना मी परवा जाऊन सगळं सांगून आलोय. ते काय करायचं ते करतील. हे अंकात छापा असंही मीच सांगितलंय, म्हणजे त्या दिवशी शेडबाहेर ज्यांनी ज्यांनी माझं ऐकलं ते हेही वाचतील.

आता साक्ष देतो. नवमीच्या आदल्या दिवशी दुपारी, पहिली शिफ्ट सुटताना, सायकल स्टँडपाशी तू मला किल्ली दिलीस. अंगात पांढरा सदरा होता, हँडलला नागपूरची पिशवी होती. तू म्हणालास, "दत्तू, उद्या पूजा करतील पोरं. खोलीत काही आणू देऊ नकोस. हळदकुंकू नको, पाणी तर अजिबात नको." मी बरं म्हणालो. तू गेटपर्यंत गेलास, सायकल वळवून परत आलास, आणि पुन्हा म्हणालास, "नारळाचं पाणीसुद्धा नको हं, त्यात मीठ असतं." मी म्हणालो, "जा रे, गाडी चुकेल."

तू विसरला नव्हतास. तू दोनदा सांगितलंस, आणि दोन्ही वेळा मी ऐकलं.